दरबारी चॅपेलातला गायक-पाद्री: गळ्यापासून कॅननपदापर्यंत

बाहेरून ही कारकीर्द संगीताची दिसते, आतून ती चर्चच्या उत्पन्नाची आहे. बर्गंडीचा ड्यूक, फ्रान्सचा राजा, मिलान आणि फेराराचे दरबार, खुद्द पोप, कुणाच्याही चॅपेलात, म्हणजे धन्याच्या खासगी उपासनेसाठी ठेवलेल्या पाद्री-गायकांच्या ताफ्यात, गळा तुम्हाला दारातून आत नेतो. पण म्हातारपणी डोक्यावर छप्पर आणि घरात धान्य असेल की नाही, ते ठरतं बेनिफिसवर. बेनिफिस म्हणजे चर्चमधलं असं पद, ज्याला जमिनीचं आणि दशांशाचं (पिकाच्या दहाव्या हिश्श्याचं) उत्पन्न जोडलेलं असतं आणि जे एकदा ताब्यात आलं की सहसा मरेपर्यंत तुमचंच राहतं. दरबाराचा पगार धन्याच्या जिवाला बांधलेला, बेनिफिस तुमच्या जिवाला. खालची प्रत्येक पायरी हा फरक डोक्यात ठेवूनच वाचावी.

काळ धरला आहे साधारण १४५० ते १५२०. उमेदवार धरला आहे कांब्रे, ब्रुज, अँटवर्प या (आजच्या उत्तर फ्रान्स-बेल्जियमच्या) पट्ट्यातला मुलगा, कारण इटलीतल्या ड्यूकांना गायक हवे असत ते याच पट्ट्यातले.

सात ते सोळा: कॉयरमधला मुलगा

मोठ्या चर्चमध्ये सहा-आठ मुलांची तुकडी असते. मुलं गुरूच्या घरीच राहतात, खातात, झोपतात, लॅटिन व्याकरण शिकतात आणि रोजच्या मासमध्ये (चर्चच्या मुख्य उपासनाविधीत) व प्रार्थनांमध्ये गातात. खर्च चर्चचा. पुढे नामांकित रचनाकार झालेला ग्योम द्यू फाय १४०९ साली कांब्रेच्या कॅथेड्रलमध्ये असाच आला. नंतरच्या पिढीतला रचनाकार जोस्कँ दे प्रे याचं नाव १४६६ साली त्याच गावातल्या सें-जेरी चर्चच्या हिशेबात सापडतं. अशा तुकडीत जागा मिळणं हाच पुढच्या सगळ्याचा पाया. विसाव्या वर्षी नव्याने सुरुवात करून ही विद्या अंगात मुरत नाही.

याच वयात दोन कागदी कामं उरकून घ्यावीत. पहिलं टॉन्शर. सात वर्षं पूर्ण झाली की बिशपच्या हातून डोक्यावरचे केस कापून घेता येतात आणि तेवढ्याने मुलगा कायद्याने धर्मसेवक ठरतो. त्याखेरीज कुठलंही बेनिफिस मिळत नाही. दुसरं काम जन्माचं. आईबापांचं लग्न झालेलं नसेल तर पुढची पदं आणि दीक्षा घेताना अडचण येते. त्यासाठी माफीपत्र काढावं लागतं. द्यू फाय स्वतः अनौरस होता, त्याचा बाप पाद्री असल्याचं मानलं जातं. म्हणजे हे काही कपाळावरचं लिखित नव्हे, पण माफीपत्र वेळेवर न काढल्यास पुढे नेमकं पद समोर असताना प्रतिस्पर्धी हाच मुद्दा उकरून काढतो.

आवाज फुटला की मुलगा रस्त्यावर पडत नाही. बऱ्याच ठिकाणी शिक्षणासाठी पैसे मिळतात. इंग्लंडच्या चौथ्या एडवर्डच्या गृहव्यवस्थेच्या नियमांत चॅपेलची आठ मुलं धरली आहेत. अठराव्या वर्षी आवाज फुटलेला असेल आणि चॅपेलात जागा नसेल, तर राजा त्यांना ऑक्सफर्ड किंवा केंब्रिजला पाठवतो. अशी संधी मिळाली तर धर्मकायदा, म्हणजे कॅनन लॉ, शिकावा. द्यू फायकडे त्याची बॅचलर पदवी होती. कॅथेड्रलच्या चॅप्टरमध्ये, म्हणजे तिथला कारभार पाहणाऱ्या ‘कॅनन’ नावाच्या धर्माधिकाऱ्यांच्या मंडळात, बसायचं असेल तर चांगल्या गळ्याइतकाच या पदवीचा उपयोग होतो, आणि बेनिफिसच्या भांडणात तर तिचाच.

पुस्तकासमोर उभं राहण्याची तयारी

परीक्षा कुठेही द्या, पाहिल्या जातात त्या गोष्टी त्याच: आवाज, साधं चर्चगायन, लिहिलेली बहुस्वरी (एकाच वेळी अनेक वेगवेगळ्या आवाजांची) रचना पाहताक्षणी गाणं आणि आयत्या वेळी काउंटरपॉइंट करणं, म्हणजे एका चालीवर दुसरा आवाज रचणं. पोपच्या चॅपेलात आधीचे गायकच नव्याला ऐकतात आणि मत देतात. तिथे वशिला चालतो, पण आठवड्याभरात उघडाही पडतो.

गाताना सुरांना म्हणायची नावं सहाच: उत, रे, मी, फा, सोल, ला. यात अर्धा सूर एकाच जागी, मी आणि फा यांच्यामध्ये. सुरांच्या जागांना मात्र ए ते जी अशी अक्षरं असतात आणि हा सहा सुरांचा गट सीपासून, एफपासून किंवा जीपासून सुरू होतो. सहाच्या वर जायचं तर मध्येच गट बदलावा लागतो. उदाहरणार्थ सीपासून चढताना उत, रे, मी, फा, सोल म्हणत ए या सुरावर पोचलात की त्याला ला न म्हणता रे म्हणायचं, कारण तुम्ही आता जीपासून सुरू होणाऱ्या गटात शिरलात. पुढे बीला मी आणि वरच्या सीला फा. बी कोमल घ्यायचा असेल तर बदल एक पायरी आधी, जीवरच होतो: सोलच्या जागी रे, मग एला मी, बी कोमलला फा. ज्याची ही अदलाबदल डाव्या हाताच्या बोटांच्या पेरांवर पाठ आहे, त्याला कुठलीही चाल अनोळखी वाटत नाही.

आता पुस्तक. सगळ्यांसाठी मिळून एकच मोठा ग्रंथ उंच घोडीवर उघडा ठेवलेला असतो. चार आवाजांची रचना असेल तर डाव्या पानावर वर सुपेरियस (सगळ्यांत वरचा आवाज), खाली टेनर (बाकीच्यांचा आधार असलेला आवाज). उजव्या पानावर वर काँट्राटेनर (मधला आवाज), खाली बास (सगळ्यांत खालचा). चार ओळी एकाखाली एक लावलेल्या नसतात, मात्रांच्या उभ्या रेघा नसतात. शेजारचा काय गातोय ते पाहून सावरता येत नाही, फक्त ऐकून. त्यामुळे विराम मोजताना एकाची चूक झाली तर दोन-तीन ओळींत सगळा डोलारा कोसळतो. चांगला लेखनिक चारही आवाज एकाच जागी पान उलटतील अशी मांडणी करतो. वाईट लेखनिकाचं पुस्तक वाट्याला आलं तर आदल्या दिवशीच पानाच्या शेवटच्या चार-पाच खुणा पाठ करून ठेवाव्यात.

लिपीत नवखे अडतात ते तीनच्या हिशेबात. सुरुवातीला पूर्ण वर्तुळ असेल तर एका ब्रेव्हिसमध्ये (लांब सुराच्या खुणेत) तीन सेमीब्रेव्हिस (त्याहून आखूड सुराच्या खुणा), अर्धवर्तुळ असेल तर दोन. वर्तुळाच्या पोटात टिंब असेल तर सेमीब्रेव्हिसचेही तीन भाग. तीनच्या हिशेबात ब्रेव्हिसला लागून एकटी सेमीब्रेव्हिस आली की ती ब्रेव्हिसचा एक तृतीयांश खाते आणि ब्रेव्हिस दोनची उरते. मात्र ब्रेव्हिसच्या पुढे दुसरी ब्रेव्हिस असेल तर पहिली तीनचीच राहते, तिला कोणी हात लावत नाही. म्हणजे चिन्हाची किंमत त्याच्या पुढचं चिन्ह पाहिल्याशिवाय कळत नाही, आणि म्हणून नजर गळ्याच्या नेहमी दोन खुणा पुढे हवी. जोडाक्षरांसारख्या चिकटलेल्या खुणांत डाव्या बाजूला वर जाणारी दांडी दिसली की पहिल्या दोन खुणा सेमीब्रेव्हिस, आकार काहीही असो.

न लिहिलेले तीव्र-कोमल सूर हा सगळ्यांत नाजूक भाग. वाक्याच्या शेवटी टेनर एक पूर्ण सूर खाली उतरून थांबत असेल, तर वरच्या आवाजाने आधीचा सूर अर्ध्याने चढवून शेवटच्या सुरावर यायचं. टेनर अर्धाच सूर उतरत असेल तर चढवायचं नाही; तिथे अर्धा सूर आधीच खाली मिळाला आहे. हे न ओळखता सवयीने चढवणारा गायक लगेच कळतो. शिवाय मी आणि फा एकाच वेळी पाचव्या किंवा आठव्या अंतरावर आदळू द्यायचे नाहीत. कोणी तरी एकाने नमतं घ्यायचं, आणि कुणी ते तालमीतच ठरलेलं बरं.

पुस्तकावरून काउंटरपॉइंट गाणं म्हणजे एकाने साधी चर्चची चाल धरायची आणि बाकीच्यांनी तिच्यावर न लिहिलेले आवाज रचत जायचे. संगीतशास्त्रकार योहानेस तिंक्तोरिसने नेपल्समध्ये १४७७ साली याचे नियम मांडले. आरंभ आणि शेवट पूर्ण सुसंवादी अंतरावर, म्हणजे एकसूर, पाचवा किंवा आठवा. त्याच जातीची दोन पूर्ण अंतरं चालीबरोबर एकाच दिशेने लागोपाठ घ्यायची नाहीत. तिसरी आणि सहावी मात्र घेता येतात. लिहिलेल्या रचनेत प्रत्येक आवाज इतर सगळ्यांना बांधलेला असतो, आयत्या वेळच्या गाण्यात तो फक्त टेनरला बांधलेला असतो. बाकीच्यांशी जुळलं तर उत्तमच, म्हणून मुरलेले गायक आधी आपसांत ठरवून घेतात की शेवटाला कोण कुठल्या अंतरावर उतरणार.

पहिली नोकरी

विशीत थेट दरबार सहसा मिळत नाही. कांब्रेसारख्या कॅथेड्रलमध्ये ‘पती व्हिकेर’ म्हणजे छोटे व्हिकार नावाचे पगारी गायक असतात. बहुस्वरी गाण्याचा भार खरं तर त्यांच्याच खांद्यावर, पण नोकरी कच्ची. चॅप्टरच्या मर्जीतून उतरलात की संपलं. दोन-चार वर्षं इथे काढावीत, पुस्तकांशी ओळख करून घ्यावी आणि डोळे उघडे ठेवावेत. पुढे मोठा रचनाकार झालेला ओकेगेम १४४३ साली अँटवर्पच्या चर्चमध्ये असाच गात होता. त्यानंतर तो बुर्बोंच्या ड्यूकच्या चॅपेलात गेला आणि तिथून फ्रान्सच्या राजाकडे.

मुलांचा गुरू होण्याची संधी आली तर नीट विचार करून घ्यावी. पैसे बरे असतात, पण मुलांचं जेवणखाण, कपडे आणि हिशेब सगळं तुमच्या माथी. ओब्रेख्त हा त्या काळातला पहिल्या प्रतीचा रचनाकार. त्याला १४८५ साली कांब्रेने मुलांकडे दुर्लक्ष आणि हिशेबातली तूट या कारणांवरून काढलं. तूट भरायला त्याने संगीताच्या प्रती करून दिल्या. रचना करणाऱ्या माणसाने किराण्याचा हिशेब ठेवायच्या फंदात पडू नये, असंच यावरून म्हणावंसं वाटतं.

हातापायाची भांडणं टाळावीत हे सांगायची गरज पडू नये, पण पडते. रचनाकार ब्यूनुआने फ्रान्समधल्या तूरला कॅथेड्रलच्या आवारात साथीदारांसह एका पाद्र्याला रक्त निघेपर्यंत बडवलं, एकदा नव्हे, पाच वेळा. पाद्र्यावर हात टाकला की चर्चचा बहिष्कार आपोआप लागू होतो आणि त्या अवस्थेत चर्चमधली कर्तव्यं करणं हा आणखी एक गुन्हा. त्याने तोही केला. १४६१ साली पोपकडून माफी मिळवावी लागली, तेव्हा कुठे गाडी रुळावर आली.

दरबारात: दर्जा, आवाज, रोजंदारी

बर्गंडीचा ड्यूक चार्ल्स द बोल्ड याने १४६९ साली आपल्या चॅपेलचा आराखडा लिहवून घेतला, तो वाचला की जागा कशा असतात ते कळतं. एकूण पंचवीस माणसं: तेरा चॅप्लेन (वरच्या दर्जाचे धर्मसेवक), सहा क्लार्क (त्यांच्या खालचे), पाच सोमेलिए आणि एक फुरिए. सोमेलिए वेदीची, भांड्यांची, वस्त्रांची व्यवस्था पाहतात, फुरिए मुक्कामाच्या जागांची. नवा माणूस खालून शिरतो आणि जागा रिकामी झाली की वर सरकतो. बहुस्वरी गाण्यासाठी किमान सहा वरचे आवाज, तीन टेनर, तीन बास आणि दोन मधले, असं त्यात नेमकं लिहिलं आहे. एका अर्थाने ही भरतीची जाहिरातच. वरचा आवाज असेल तर जागा जास्त. टेनर किंवा बास असेल तर जागा कमी, पण तीनातला एक आजारी पडला की चॅपेल लंगडं पडतं, म्हणून तुम्हाला सांभाळून घेतलं जातं.

पगार रोजंदारीने. रोजच्या यादीत नाव असेल तर त्या दिवसाचे पैसे, नसेल तर नाही. रजा घ्यायची तर पहिल्या चॅप्लेनकडून रीतसर घ्यावी. रोज गायनासह मास, संध्याकाळची प्रार्थना. सणाला त्यात भर. दरबार हलला की चॅपेलही हलतं: पुस्तकं, वस्त्रं, वेदीचं सामान पेट्यांत आणि तुम्ही घोड्यावर. हे फिरणं अंगावर काढण्यासारखं नाही. बर्गंडीच्या देखण्या फिलिपचं चॅपेल १५०१ ते १५०३ मध्ये स्पेनला जाऊन आलं आणि १५०६ साली पुन्हा गेलं. दुसऱ्या खेपेत फिलिप बुर्गोसला वारला, त्याचा गायक-रचनाकार आग्रिकोलाही त्याच वर्षी स्पेनमध्ये तापाने गेला. त्याच चॅपेलातला पिएर द ला र्यू मात्र फिलिपची विधवा राणी ह्वाना हिच्या चाकरीत १५०८पर्यंत तिथेच राहिला.

दीक्षेचं वेळापत्रक सोबत चालू ठेवावं. सबडीकन आणि डीकन या पाद्रीपदाआधीच्या पायऱ्या: सबडीकनसाठी अठरावं, डीकनसाठी विसावं, पाद्रीपदासाठी पंचविसावं वर्ष लागतं. गाण्यासाठी पाद्री असणं सक्तीचं नाही, पण मास चालवणारा चॅप्लेन व्हायचं तर हवंच. घाई करायची की नाही हा डावपेचाचा भाग आहे: सबडीकन झालात की लग्नाचा रस्ता बंद, पण त्याशिवाय चांगली कॅननपदं हातात टिकत नाहीत. ओकेगेमने चाकरीत बरीच वर्षं काढल्यावर १४६४च्या सुमारास पाद्रीपद घेतलं. लग्न करून खालच्या दर्जात राहता येतं, मात्र तिथे वाऱ्याची दिशा बदलते. थोड्या नंतरच्या काळातला रचनाकार पॅलेस्ट्रिना जानेवारी १५५५मध्ये पोप तिसऱ्या जूलियसच्या हुकमाने परीक्षेविना पोपच्या सिस्टिन चॅपेलात शिरला, आणि त्याच वर्षी नंतरचा पोप चौथ्या पॉलने त्याच्यासह तिन्ही विवाहित गायकांना पेन्शन देऊन घरी पाठवलं.

बेनिफिस मिळवणं: इथेच खरी मेहनत

पद रिकामं होतं ते मृत्यूने, राजीनाम्याने, अदलाबदलीने किंवा कोणी नियमभंगाने गमावल्यावर. ते भरायचा अधिकार कुणाचा, हे आधी शोधावं. काही पदं ड्यूकच्या हातची. त्यांसाठी दरबारात यादी असते आणि ज्येष्ठतेने नंबर लागतो. फ्रान्समध्ये १४३८च्या बूर्जच्या फर्मानानंतर पोपचा हात आखडला गेला आणि राजाचा शब्द वजनदार झाला. तूरच्या सें-मार्तँ चर्चचा नाममात्र मठाधिपती खुद्द राजाच, म्हणून ओकेगेम १४५९ साली तिथला खजिनदार झाला. जर्मन साम्राज्याच्या मुलखात १४४८च्या व्हिएन्ना करारामुळे महिन्यांची वाटणी आहे: जानेवारी, मार्च, मे असे विषम महिने पोपचे, सम महिने स्थानिक अधिकाऱ्याचे. म्हातारा कॅनन फेब्रुवारीत गेला की मार्चमध्ये, यावर तुमचं नशीब पालटतं.

पोपकडून घ्यायचं असेल तर अर्ज, म्हणजे सप्लिकेशन, लागतो. रोममध्ये एक प्रोक्युरेटर, म्हणजे तुमच्या वतीने धावपळ करणारा मुखत्यार, नेमून ठेवावा. त्याशिवाय उत्तरेत बसून काही होत नाही. अर्जात पदाचं नाव, ते कुणाच्या मृत्यूने किंवा राजीनाम्याने रिकामं झालं ते, त्याचं वार्षिक उत्पन्न, आणि तुमच्याकडे आधी असलेलं प्रत्येक बेनिफिस, अगदी छोटी वेदी (एखाद्या वेदीला जोडलेलं लहान पद) असली तरी, उत्पन्नासह लिहायचं. यात कंजुषी करू नये. एक जरी पद लपवलं किंवा उत्पन्न कमी दाखवलं, तर नंतर प्रतिस्पर्धी तेवढ्यावरून तुमची सनद रद्द करून घेतो. पोपने ‘फियात उत पेतीतुर’ (मागितल्याप्रमाणे होवो) लिहून आपल्या बाप्तिस्म्याच्या नावाचं आद्याक्षर टाकलं की अर्ज मंजूर. खालची तारीख जपावी. एकाच पदासाठी दोन मंजुऱ्या निघणं नेहमीचं आणि तेव्हा भांडण तारखेवर होतं.

मंजुरी म्हणजे पद नव्हे. पुढे शिशाच्या मोहरेची सनद काढायची, प्रत्येक मेजावर शुल्क भरायचं. उत्पन्न वर्षाला २४ फ्लोरिनपेक्षा (सोन्याच्या नाण्यांपेक्षा) जास्त असेल तर पहिल्या वर्षाचं निम्मं उत्पन्न पोपच्या खजिन्यात जातं. ही रक्कम हाती नसेल तर व्याजाने काढावी लागते. मग सनद घेऊन गावी जायचं किंवा मुखत्याराला पाठवायचं आणि प्रत्यक्ष ताबा घ्यायचा. घोडं अडतं ते इथेच. चॅप्टरने आधीच आपल्या कुणाला तरी बसवलेलं असतं, किंवा ज्याच्या मृत्यूची बातमी ऐकून तुम्ही अर्ज केला तो भला माणूस खडखडीत जिवंत निघतो. मग रोमच्या रोटा न्यायालयात खटला, तोही वर्षानुवर्षं. पद लहान असेल तर खटला लढवू नये. प्रतिस्पर्ध्याशी तडजोड करून त्याच्याकडून वार्षिक पेन्शन बांधून घ्यावी.

आजारी मित्र तुमच्या नावे राजीनामा देतो म्हणाला तर वीस दिवसांचा नियम विसरू नये. आजारपणात राजीनामा देऊन तो वीस दिवसांत वारला, तर राजीनामा धरला जात नाही. पद मृत्यूने रिकामं झालं असं समजतात आणि ते भलत्याच्याच पदरात पडतं. म्हणून मित्र अंथरुणाला खिळण्याआधीच कागद करून घ्यावा, कितीही अवघड वाटलं तरी.

एकापेक्षा जास्त पदं घेता येतात, पण सगळी एकत्र नांदत नाहीत. ज्या पदाला लोकांच्या आत्म्याची जबाबदारी, म्हणजे पॅरिशची देखभाल, जोडलेली आहे, अशी दोन विशेष परवानगीशिवाय ठेवता येत नाहीत. गायकासाठी उत्तम म्हणजे मोठ्या चर्चमधलं कॅननपद आणि त्याचं प्रीबेंड, म्हणजे त्या पदाला जोडलेला उत्पन्नाचा वाटा. उत्पन्न भरपूर, जबाबदारी कमी. अट असते गावात राहण्याची. ती दरबाराच्या किंवा पोपच्या चाकरीचं पत्र आणून सोडवता येते आणि मुख्य उत्पन्न चालू राहतं. रोज गाण्याला हजर असणाऱ्यांत वाटले जाणारे पैसे मात्र गैरहजराला सहसा मिळत नाहीत. द्यू फायला १४३६ साली पोप चौथ्या यूजीनच्या चाकरीत असताना कांब्रेचं कॅननपद मिळालं आणि आयुष्याची उत्तरार्धाची सोय झाली. पाच ठिकाणी पाच फुटकळ वेद्या गोळा करणं म्हणजे एक ना धड, भाराभर चिंध्या. त्यांचा वसुलीचा खर्चच उत्पन्न खातो. अदलाबदल करत करत एका चांगल्या जागी यावं आणि ती जागा शक्यतो आपल्याच भाषेच्या मुलखात असावी.

बोली आणि बदली

स्वतःची किंमत बाजारात कळते. पोपच्या गायकाला महिन्याला ८ डुकाट (सोन्याची नाणी), म्हणजे वर्षाला ९६. १५०२ साली फेराराचा ड्यूक एर्कोले देस्ते याला त्याच्या माणसाने कळवलं की रचनाकार ईझाक १२० डुकाटांत येईल आणि सांगितलं तेव्हा लिहून देईल. जोस्कँ २०० मागतो आणि मनात येईल तेव्हाच लिहितो. ड्यूकने २००वाला निवडला. नाव झाल्यावर लहरीपणालाही दर मिळतो, त्याआधी ईझाकसारखं वागणंच हिताचं.

पोपच्या चाकरीत पगार कमी असला तरी बेनिफिसच्या अर्जांना तिथे प्राधान्य, आणि तेच मोल मोठं. मिलानचा ड्यूक गालेआत्सो मारिया स्फोर्त्सा याने हे ओळखून रोमकडून आपल्या गायकांसाठी पदांची सोय लावून घेतली आणि आपला गायक-रचनाकार गास्पार व्हान वेर्बेके याला भरतीसाठी उत्तरेला पाठवलं. १४७४पर्यंत त्याच्याकडे जवळपास चाळीस गायक जमले. कबूल करताना पगार किती यापेक्षा पद कुठलं आणि किती महिन्यांत, हे लिहून घ्यावं. ‘पहिलं रिकामं होईल ते’ या आश्वासनावर निघालेल्यांच्या तोंडाला पानं पुसली गेल्याची उदाहरणं कमी नाहीत. जुना धनी सोडताना रजेचं पत्र घ्यावं. न सांगता पळालात तर तो ड्यूक नव्या ड्यूकला लिहितो आणि तुमची तिथली पदं गोठवायला बघतो.

आणि धनी मरतो. गालेआत्सोचा २६ डिसेंबर १४७६ रोजी खून झाला, चार्ल्स द बोल्ड ५ जानेवारी १४७७ला नान्सीच्या लढाईत पडला. दहा दिवसांत युरोपातल्या दोन तालेवार चॅपेलांचे धनी गेले. मिलानचे गायक पांगले आणि आसपासच्या दरबारांनी त्यांतले चांगले उचलले. अशा वेळी थकलेल्या पगाराची यादी ताबडतोब सही-शिक्क्यासह करून घ्यावी. नवा धनी जुन्याचं देणं सावकाश फेडतो, कागद नसेल तर अजिबात नाही. साथीचंही भान ठेवावं: जोस्कँ १५०४च्या वसंतात फेराराहून निघून गेला, त्याच्या जागी ओब्रेख्त आला आणि १५०५ साली तिथेच प्लेगने गेला.

परतणं आणि मृत्युपत्र

पन्नाशीनंतर वरचा आवाज टिकत नाही, टेनर-बास थोडे जास्त चालतात. आवाज जायच्या आत परतावं. चॅप्टरला गाता येणारा कॅनन आवडतो, घसा बसलेला नुसताच वाटेकरी वाटतो. ला र्यू १५१६ साली कोर्ट्रेकच्या आपल्या कॅननपदावर परतला, जोस्कँ १५०४ साली काँदे गावी तिथल्या चर्चचा प्रोव्होस्ट, म्हणजे प्रमुख, म्हणून.

गायकाच्या मृत्युपत्रात पहिली बाब वार्षिक प्रार्थनेच्या निधीची. नुसतं ‘माझ्यासाठी मास म्हणावा’ लिहून भागत नाही. दिवस, रचना, किती मुलं, किती गायक, प्रत्येकाला किती पैसे आणि हे पैसे कुठल्या जमिनीच्या उत्पन्नातून, इतकं लिहावं. द्यू फायने आपल्या शेवटच्या घटकेसाठी असाच क्रम लिहून ठेवला होता, पुरुष गायक आणि मुलांनी त्याचंच ‘आवे रेजीना चेलोरुम’ गावं असा. १४७४च्या नोव्हेंबरात प्रत्यक्षात त्याला तेवढा वेळ मिळाला नाही. जोस्कँने मिरवणूक आपल्या घरासमोर आली की ‘पातेर नोस्तेर’ आणि ‘आवे मारिया’ गायली जावी म्हणून निधी ठेवला.

निधीइतकंच महत्त्वाचं म्हणजे तुमची मालमत्ता कायद्याने कुणाची, हे मरण्यापूर्वी तपासणं. गावागावाचा रिवाज वेगळा. १५२१ साली जोस्कँने मरणापूर्वी काँदेत आपली नोंद परका माणूस म्हणून करून घेतली, म्हणजे घरदार तिथल्या जहागीरदाराकडे जाणार नाही. ही नोंद शुद्धीवर असताना, साक्षीदारांसमोर आणि नोटरीच्या हातून व्हावी. ताप चढल्यावर केलेला कागद वारसही उडवून लावतात आणि जहागीरदारही.